पाटीवरची बेरीज

माझी नात सुमन लोकांना पाठीवर हवेची टाकी बांधून खोल समुद्रात उतरायला शिकवते. खोलवर त्या हवेचीच नशा चढते म्हणे, म्हणून ती तळाशी नेऊन पाटीवर बेरीज घालते. आज एका पाहुण्याने सात अधिक पाचच्या पुढं मासा काढला. सुमनने त्याला सावकाश वर आणलं.

"अगं, मी गणिताचा मास्तर आहे!" किनाऱ्यावर तो कुरकुरला.

"मग मास्तर, आज नापास. उद्या परत बसा."

मला हसू आवरेना. माझे मालक होडीचा अडकलेला नांगर सोडवायला श्वास धरून उतरायचे. एकदा उतरले ते वर आलेच नाहीत. मी मासळी विकून पोरं वाढवली. मालकांना नापास करून वर आणणारं खाली कुणी नव्हतं, एवढंच.

मी मास्तरांपुढं चहा धरला. "सात नि पाच किती?"

"बारा, आजी."

"मग घ्या."