अनवाणी साहेब

माझ्या मोठ्या दिरांची चप्पल राजूरच्या गणपतीला चोरीला गेली, तिथून हे सगळं सुरू झालं. अंगारकी होती. दीर, जाऊबाई, माझा नवरा आणि मी, असे चौघं गाडी करून गेलो होतो. दर्शन घेऊन खाली आलो तर आमच्या तिघांच्या चपला होत्या तिथेच होत्या, आणि दिरांची नवी कोरी कोल्हापुरी तेवढी गायब. ज्या फुलवालीच्या पाटीजवळ ती काढली होती तिच्यावर ते ओरडले, "तुझ्या भरवशावर ठेवून गेल्तो ना?"

ती हार गुंफता गुंफता म्हणाली, "एवढ्या गर्दीत मी फुलं इकू का चपला राखू, सायेब?"

समोरच रबरी चपलांचं दुकान लागलं होतं. माझा नवरा म्हणाला, तात्पुरती घेऊ. दिरांनी त्या लोंबणाऱ्या निळ्या-हिरव्या चपलांकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू कुणी त्यांना उष्टं पुढे केलंय. ते विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. "असली चप्पल घालून मी कॉलनीत उतरू?" ते म्हणाले आणि तसेच गाडीत बसले.

जालन्यात आमच्या दारात गाडी थांबली तेव्हा शेजारचे निवृत्त हेडक्लार्क फाटकाशी उभे होते. त्यांनी दिरांच्या पायांकडे पाहिलं. "काय साहेब, अनवाणी?"

दिरांनीही खाली वाकून आपल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "नवस आहे."

हेडक्लार्कांनी हात जोडले. मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या डिकीतून प्रसादाची पिशवी काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

एका माणसानं हात जोडले एवढंच झालं होतं. पण निवृत्तीनंतर दिरांना कुणी हात जोडले नव्हते. दुसऱ्या दिवशी दूध आणायला ते मुद्दाम स्वतः गेले, अनवाणी, आणि परत यायला नेहमीपेक्षा कितीतरी वेळ लावला. आठवड्याभरात कॉलनीत त्यांना 'अनवाणी साहेब' म्हणायला लागले.

नवस कशाचा, असं लोक विचारत. सुरुवातीला ते म्हणत, पोराच्या नोकरीसाठी. माझा पुतण्या तेव्हा पुण्यात नोकरी शोधत होता. पुढे त्याला एका कंपनीत नोकरी लागली. पेढे वाटले. जाऊबाईंनी त्याच संध्याकाळी नवी चप्पल आणून उंबऱ्याशी ठेवली. दिरांनी ती पायानं बाजूला सारली. "आता हे फक्त पोरापुरतं राह्यलं न्हाई," ते म्हणाले. मग ते अनवाणी चालणं पावसासाठी झालं. पाऊस झाल्यावर समाजासाठी झालं. पुढे कुणीतरी त्यांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला, तेव्हापासून ते सांगू लागले की उघड्या पायानं जमिनीतली शक्ती अंगात येते. आमच्या कॉलनीचा रस्ता सिमेंटचा, त्यावर डुकरांचा राबता. त्यातून कोणती शक्ती यायची ती येवो.

आणि त्यांचं अनवाणी चालणं तरी केवढं? घरात ते मऊ सपाता घालत. नवसाला घरातल्या सपाता चालतात म्हणे. दारातून गाडीपर्यंत आणि गाडीतून मांडवापर्यंत, एवढीच काय ती पायपीट. उन्हाळ्यात दुपारी ते बाहेर पडतच नसत. लग्न दुपारचं असेल तर आदल्या संध्याकाळी हळदीला जाऊन येत. परत आले की जाऊबाई दारात बादली आणि फडकं घेऊन उभ्या. आधी एक पाय, मग दुसरा. गाडीत ओला टॉवेल ठेवायचं कामही त्यांच्याकडेच.

मी नोकरी करत होते, सरकारी कचेरीत. आमच्या कचेरीत खेड्यावरची माणसं यायची ती साहेबांच्या खोलीबाहेर चपला काढून आत शिरायची. त्यांना कुणी सांगितलेलं नसायचं. टाचांना भेगा पडलेली म्हातारी माणसं गार फरशीवर पाय जवळ घेऊन उभी राहायची आणि साहेब कागदावरून डोळे उचलायचे नाहीत. आमचे दीर नोकरीत होते तेव्हा त्यांच्याही खोलीबाहेर असाच चपलांचा ढीग असायचा. एकदा एक तरुण शेतकरी बूट न काढता आत आला म्हणून त्यांनी त्याला बाहेर काढलं होतं आणि घरी येऊन मोठ्या तोऱ्यात ते सांगितलंही होतं. अशा माणसाच्या उघड्या पायांना लोक वाकत होते. मला त्या लोकांचीही कीव येत नाही. त्यांना पाया पडायला कुणीतरी लागतंच.

जाऊबाईंना मी आक्का म्हणते. त्यांना खूप वर्षांपासून शुगर आहे. तळपायाला काही लागलेलं कळत नाही. कापसावर चालल्यासारखं वाटतं, असं त्या सांगायच्या. घरातसुद्धा पायात चप्पल हवीच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

कॉलनीतल्या भजनी मंडळात एका बाईनं हसत हसत म्हटलं, "साहेब एकटेच तप करून राह्यले. वहिनी बघा, मस्त चप्पल घालून!" ते दिरांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्यांनी जाहीर केलं.

"नवरात्रापासून तूपण चप्पल घालू नको."

आक्का म्हणाल्या, "मला शुगर हाय."

"नऊ दिवसानं काय होतंय? एवढ्या बायका करतात, त्यांना काय झालं?"

मी म्हणाले, "दादा, डॉक्टरांनी घरातसुद्धा चप्पल घालायला सांगितलीय त्यांना."

ते माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या बायकोला सांग, हापिस हापिसात ठेवावं."

माझ्या नवऱ्यानं खारी चहात बुडवली. ती मऊ होईपर्यंत तो कपात बघत राहिला. त्याच्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं त्या दिवशी काही घडलं नाही.

स्वयंपाकघरात मी आक्कांना म्हणाले, "तुम्ही घालाच. काय करणार आहेत?"

"रोज कोण कटकट ऐकणार, बाई? नऊ दिवस तर हायेत. निघून जातील."

त्या नवरात्रात आम्ही पिंपळगावला रेणुकाईच्या दर्शनाला गेलो. गर्दीमुळे गाडी लांबच थांबवावी लागली. तिथून देवळापर्यंत खडी, वाळलेला चिखल आणि कडेच्या बाभळींचे काटे. दीर पुढे चालले होते, ओळखीपाळखीच्या लोकांचे नमस्कार घेत, नेमकं जिथं झाडून साफ केलं होतं तिथून. आक्का मागे, हातात ओटीचं ताट, त्यामुळे पायाखालचं दिसायचा प्रश्नच नव्हता. मी त्यांना दोनदा धरलं. "काही न्हाई होत," त्या म्हणाल्या. त्यांना खरोखरच काही होत नव्हतं. तीच तर भीती होती.

दसऱ्याच्या सकाळी मला स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत पांढऱ्या फरशीवर तपकिरी ठिपके दिसले. आधी वाटलं, झेंडूच्या फुलांचं पाणी असेल. मग मी आक्कांना खुर्चीवर बसवलं आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. उजव्या अंगठ्याच्या खाली काटा पार आत मोडला होता. भोवतालचं कातडं काळं पडलं होतं आणि त्याला वास येत होता.

"दुखत न्हाई?"

"न्हाई ग. काहीच न्हाई." त्या वाकून बघायला लागल्या. पाहिलं आणि पदर नाकाला लावला.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्यानं पाय बघितला, रक्त तपासलं आणि सांगितलं की अंगठा काढावा लागेल, उशीर केला तर पाऊल जाईल. मग त्यानं विचारलं, "यांच्या पायात चप्पल का नव्हती?"

दीर म्हणाले, "श्रद्धेचा विषय आहे, डॉक्टर."

"कुणाच्या श्रद्धेचा?" त्यानं विचारलं. उत्तराची वाट न बघता त्यानं सही करायचा कागद पुढे सरकवला.

अंगठा काढला. आक्का दवाखान्यात असताना दीर रोज यायचे, अनवाणीच. एकदा सिस्टर त्यांना म्हणाली, "बाबा, इथं सुया, काचा पडलेल्या असतात. पायात काहीतरी घालून या." त्यांनी तिलाही नवस समजावून सांगितला. ती बिचारी सलाईनची बाटली हातात धरून ऐकत उभी राहिली.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. दीर प्रत्येकाला सांगत, "देवीनं परीक्षा घेतली आमची." आमची म्हणत होते. आणि येणारे लोक, ज्यांना मी चांगली शिकलेली, नोकऱ्या केलेली माणसं म्हणून ओळखत होते, ते पलंगावरच्या बाईचा पट्ट्या बांधलेल्या पायाला वळसा घालून पलीकडे जात आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचे धडधाकट पाय शिवत. एक जण तर वाकताना पलंगाला धडकला. आक्कांच्या तोंडून दचकून "आई ग" निघालं. तो त्यांनाच म्हणाला, "देवीचं नाव घ्या, वहिनी."

तो गेल्यावर खोलीत आम्ही दोघीच उरलो. आक्का छताकडे बघत म्हणाल्या, "मला बूट पाहिजेत."

"शुगरवाल्यांची मऊ चप्पल मिळते ना, एमसीआरची. ती आणू."

"चप्पल न्हाई. बूट. लेसवाले. कॉलेजच्या पोरी घालतात तसले."

जखम भरल्यावर डॉक्टरला विचारून मी त्यांना बाजारात घेऊन गेले. शेठजींचं दुकान जुनं. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले, हे स्वतः पक्के जालन्याचे. आक्कांना बघताच ते उठून उभे राहिले. "या, या भाभीजी. साहेबांना तर आपण लई मानतो. काय त्याग आहे! आता साहेबांसाठी काय सेवा करू?"

"साहेबांसाठी काहीच न्हाई. मला बूट दाखवा."

शेठजींनी आधी मऊ चपला काढल्या. "बिलकुल नरम आहेत, घालून तर बघा." आक्कांनी बघितल्याही नाहीत. मग काळे बूट आले, म्हाताऱ्या माणसांना शोभणारे. तेही नको. शेवटी आक्कांनी स्वतःच फळीवर बोट दाखवलं. करडे बूट, बाजूला गुलाबी पट्टा. एक नंबर मोठा घेतला. अंगठ्याच्या जागी कापूस भरायला डॉक्टरांनी सांगितलंच होतं. शेठजींच्या दुकानातल्या आरशात आक्कांनी नऊवारीखालचे ते बूट बराच वेळ पाहिले. हसल्या नाहीत, पण मान हलवली.

दिरांनी ते बूट पाहिले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ह्या वयात!" पण खरी अडचण पुढे आली. हसनाबादच्या एका मंडळानं त्यांचा सत्कार ठरवला होता. नुसता सत्कार नाही, नवरा-बायको दोघांची पाद्यपूजा. तपस्वी दांपत्य म्हणून. अंगठा गेल्यामुळे आक्काही आता तपस्वी झाल्या होत्या.

निघताना दीर म्हणाले, "आज तरी ते काढ."

"न्हाई."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांनाच विचारा मंग," आक्का म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

स्टेजवर दोन खुर्च्या, समोर परात, तांब्या, फुलं. दोन तरुणांनी आधी दिरांचे पाय धुतले, कुंकू लावलं, फुलं वाहिली. दिरांनी डोळे मिटून घेतले होते. मग परात आक्कांसमोर सरकली. माईक हातात धरलेला मुलगा वाकून म्हणाला, "काकू, बूट काढा."

"न्हाई काढत," आक्का म्हणाल्या. "आत अंगठा न्हाई. बघायचाय का?"

माईक जवळच होता. सगळ्या मैदानात ते ऐकू गेलं. परात धरलेला पोरगा तसाच ओणवा राहिला. मग दीर डोळे उघडून हसत म्हणाले, "त्या आजारी हायेत. चला, पुढचं घ्या." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं होतं, निदान थोडा वेळ तरी शांतता राहील. काही नाही. टाळ्या झाल्या, शाल आली, नारळ आला, भाषणं झाली. पुढच्या रांगेतल्या एक-दोन म्हाताऱ्या तेवढ्या आक्कांच्या बुटांकडे टक लावून बघत होत्या.

परतीच्या वाटेवर राजूरला आक्कांनी गाडी थांबवायला लावली आणि गरम भजी खाल्ली. दीर गाडीतच बसून राहिले.

त्यानंतरच्या वर्षी दीर मुलाकडे पुण्याला राहायला गेले. आक्कांनी जायला नकार दिला. "मी इथंच बरी," म्हणाल्या. तेव्हापासून त्या आमच्याबरोबरच आहेत, आणि रोज सकाळी मला ओढून फिरायला नेतात. मुलाचा फ्लॅट बाराव्या मजल्यावर आहे. लिफ्टमध्ये कुणी कुणाच्या पायांकडे बघत नाही. पहिल्याच दिवशी गेटवरच्या वॉचमननं दिरांना विचारलं म्हणे, "काका, चप्पल विसरलात का?" दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सँडल घेतल्या. हे पुतण्यानं आम्हाला सहज म्हणून सांगितलं. त्यात काही सांगण्यासारखं आहे असं त्याला वाटलंच नाही.

आता दिरांची पंचाईत अशी की जालन्याला यायचं तर सँडल काढून यावं लागेल, आणि तेवढी सवय आता पायांना राहिली नाही. दिवाळीला येतो म्हणतात आणि येत नाहीत. मग गुढीपाडव्याला येतो म्हणतात. मधूनमधून आक्कांना फोन करतात. तब्येत विचारतात, पाऊसपाणी विचारतात. मग हळूच म्हणतात, "लोक इचारतात का माझं?"

लोक विचारतात. हेडक्लार्क तर रोज विचारतात.

"न्हाई बा," आक्का म्हणतात. "कोणीच न्हाई इचारत."