उजवीकडची स्क्रीन

येरमाळ्याला स्टँडसमोर दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. गेल्या वर्षी तापाचं निमित्त होऊन तो गेला. मी पुण्यातली खोली सोडली आणि त्याच्याच खुर्चीत बसून माझं काम करू लागलो. त्याच्या दोन स्क्रीनपैकी उजवीकडची मोठी वहिनीनं पोरीच्या अभ्यासाला म्हणून माहेरी नेली होती. तिथं आता नुसती भिंत होती.

माझं काम आईला कधीच समजावता आलं नाही. प्रत्येक स्क्रीनमध्ये एक चिप असते. तार जोडली की ती आपली ओळख सांगते: कंपनी कोणती, नाव काय, माप किती. ही ओळख कॉम्प्युटरच्या तळाशी चालणारा कर्नल नावाचा मूळ प्रोग्राम वाचतो आणि वरचे प्रोग्राम आपापल्या परीनं पुन्हा वाचतात. मग खालचा एक म्हणतो, वरचे दुसरंच. हा तमाशा थांबवायला आम्ही काही जण दोघांनाही वापरता येईल अशी एकच लायब्ररी, म्हणजे सामायिक कोड, लिहीत होतो. ओळखीच्या शेवटी पडताळणीचा एक आकडा असतो. तो चुकला तरी कर्नल चालवून घ्यायचा, वरचे प्रोग्राम मात्र हाकलून द्यायचे. त्याचा नियम ठरवणं माझ्याकडे होतं. मी म्हटलं, आकडा चुकला तरी जाऊ द्या, सांभाळून घेऊ.

ती लायब्ररी दादाच्या मशीनवर चालवली त्या दुपारी माऊसचा बाण उजव्या कडेवरून पलीकडे निघून गेला. सेटिंगमध्ये पाहिलं तर दोन स्क्रीन, आणि दुसरीचं नाव दादाच्या स्क्रीनचं! अंगावर सर्रकन काटा आला. मग कळलं. दोन मशीन एका स्क्रीनला जोडायला दादानं टेबलाखाली एक डबी बसवली होती. ती मेली डबी स्क्रीन नेल्यावरही तिचीच ओळख सांगत बसली होती, एक आकडा चुकवून. आजवर वरचे प्रोग्राम तिला भीक घालत नव्हते, माझ्या नियमानं घातली. कारण कळलं, तरी काटा काही गेला नाही.

जेवणाचा डबा घेऊन आलेल्या आईनं बाण जाताना पाहिला.

"कुठं गेलं रं ते?"

"दादाच्या स्क्रीनवर," मी बोलून गेलो.

"मशीनला ती हाय वाटतंय व्हय?"

"व्हय."

"मग त्याचं काम लाव की तिकडं."

दादानं अर्धवट ठेवलेली एका लग्नाची फिल्म मी उजवीकडे ढकलली. ती दिसेनाशी झाली, पण स्पीकरमधून दादाचा आवाज आला, "मामा, जरा सरका. नवरीबाई, हिकडं बघा." आई भिंतीकडे बघत बसली.

मग हे रोजचंच झालं. घरी आईनं दादाचं नाव काढणं सोडलं होतं. इथं मात्र भिंतीकडे तोंड करून ती म्हणायची, "दमलास, पानी पी." मला तिची भीती वाटायची, आणि खरं सांगतो, त्या भिंतीचीही. एकटा असताना मी बाण उजवीकडे नेत नसे.

डबी उपटणं मिनिटाचं काम होतं, पण हात धजावला नाही. शेवटी सोबत्यांनीच टोकलं. इतरांच्या मशीनवरही नसलेल्या स्क्रीन उगवू लागल्या होत्या, नियम कडक कर म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. मी नियम बदलला आणि आईसमोरच मशीन पुन्हा सुरू केलं. चोरून करणं मला जमेना.

"लाव," आई म्हणाली.

मी फिल्म लावली. बाण कडेला जाऊन थांबला. पलीकडे ढकलायला जागाच नव्हती, फिल्म समोरच चालू राहिली. आई खुर्ची ओढून पहिल्यांदाच चित्राकडे वळली. करवल्या, अक्षता, मंडपातली परकी माणसं. "मामा, जरा सरका." ती एकेक चेहरा शोधत राहिली. फिल्म संपली.

"पुन्यांदा लाव."

मी लावली.

"ह्यात थोरला कुठं हाय?"

"आई, कॅमेरा त्याच्या हातात होता."

नवरीनं मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि हसली. आईनं पदरानं स्क्रीन पुसली आणि त्या पोरीला विचारलं, "बाई, तुला दिसतोय न्हवं त्यो?"