सिस्टरच्या आजीचं माहेर

आमच्या बिल्डिंगमधल्या सिस्टर माणसाचं नाव विचारायच्या आधी गाव विचारायच्या. "गाव कोणतं?" आपण नाशिक, पुणे, मुंबई असं काही सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न, "ते राहायचं झालं. मूळ गाव?" मग ते लिफ्टमध्ये असो, खालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, दही घेताना असो, नाहीतर हातात सुई धरलेली असो. माझ्या नवऱ्याचं रक्त काढताना त्यांनी त्याच्या पणजोबांपर्यंत चौकशी केली होती, आणि त्या भरात सुई कधी टोचली ते कळलंच नाही असं तो अजून सांगतो. बिल्डिंगमधली पोरं त्यांना 'मूळगाव आंटी' म्हणायची. माझ्या मुलीला त्यांनी एकदा जिन्यात गाठलं, तेव्हा ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "आंटी, आय अ‍ॅम फ्रॉम फरवानिया." सिस्टरना इतकं हसू आलं की त्यांनी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली.

आम्ही कुवेतला, फरवानिया भागात राहायला गेलो नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. नवरा मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर. सकाळी कंपनीच्या बसने जायचा तो अंधार पडता पडता परत. सिस्टर समोरच्या फ्लॅटमध्ये दोन केरळी नर्सबरोबर राहायच्या आणि सरकारी दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात काम करायच्या. वय पन्नाशीला टेकलेलं, लग्न केलेलं नाही, अंगाने काटक. आवाज मात्र असा, की प्लॅस्टरमधला पेशंटही सरळ व्हावा. पेशंटने पलंगावरून पाय खाली सोडला तरी त्या कडाडायच्या. नगर जिल्ह्यात, मिशनच्या कंपाउंडमध्ये त्या वाढल्या होत्या. तिथपर्यंत सगळं ठीक होतं. त्याच्या मागे जायला लागलं की रस्ता संपायचा.

कारण त्यांची आजी, म्हणजे वडिलांची आई, शंभरेक वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळात मिशनमध्ये आलेली. पाच-सहा वर्षांची पोर. आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले आणि तिथेच तापाने गेले. कुणीतरी पोरीला मिशनच्या बैलगाडीत बसवून दिलं. पुढे तिचा बाप्तिस्मा झाला, सारा नाव मिळालं, वेळ आली तसं लग्न झालं, मुलं झाली. पण आपलं गाव तिला कधी सांगता आलं नाही. घरामागे ओढा होता आणि आईच्या हातात काळी काकणं होती, एवढंच तिला आठवायचं. "आता ओढा काय, कुठल्याही गावाच्या मागं असतो," सिस्टर म्हणायच्या.

शोध चालला होता तो वडिलांसाठी. सिस्टर त्यांना दादा म्हणत. दादा मिशनच्या कारखान्यात सुतार होते. आता सिस्टरच्या धाकट्या भावाकडे असायचे, कान गेलेले, डोळे अधू झालेले. लहानपणी शाळेला सुट्टी लागली की बाकीची पोरं मामाच्या गावाला जायची आणि दादा रिकाम्या आवारात एकटेच विटी उडवत बसायचे. "आई, आपला मामा कुठं असतो?" विचारलं की सारा उठून कामाला लागायची. इतकी वर्षं लोटली, तरी दर शुक्रवारच्या फोनवर दादा तेच ओरडून विचारायचे, "लागला का गं माझ्या मामाचा पत्ता?" डोळे मिटायच्या आत त्यांना एकदा मामाच्या गावाला जायचं होतं. सिस्टरनी हे सांगितलं तेव्हा मी चहा गाळत होते. आम्ही बायका दर उन्हाळ्यात माहेरच्या तिकिटांवरून नवऱ्यांशी भांडायचो, आणि ह्या घरातल्या म्हातारीला माहेर नावाची गोष्टच नव्हती.

म्हणून सुट्टीवर गेल्या की सिस्टर खरेदीला न जाता कचेऱ्या हिंडायच्या. पाळकसाहेबांच्या मागे लागून त्यांनी बाप्तिस्म्याच्या जुन्या रजिस्टरची नक्कल मिळवली. त्यात सारा, वय सुमारे सहा, आईबाप मयत, आणि पुढच्या रकान्यात चक्क एका गावाचं नाव! सिस्टर हरखल्या. जीप करून गाव गाठलं. तिथे कळलं, की दुष्काळात त्या गावाशेजारी तलावाचं काम निघालं होतं आणि लांबलांबच्या तालुक्यांतली माणसं पायी त्या कामावर आली होती. लिहिणाऱ्याने पोर जिथे सापडली तेच तिचं गाव म्हणून लिहून टाकलं होतं. मी त्या माणसाला दोन शिव्या हासडल्या. सिस्टर मात्र म्हणाल्या, "त्याचं तरी काय चुकलं, वहिनी? समोर रडणारी पोरं उभी. कुणाकुणाला इचारत बसेल?"

मग खानेसुमारीचे जुने अहवाल झाले. तिथे माणसांचे नुसते आकडे, नावं नाहीत. तलाठी म्हणाला, जमीन कुणाच्या नावावर होती ते सांगा. "जमीन असती तर खडी फोडायला कशाला गेली असती माणसं?" सिस्टरनी त्यालाच विचारलं. मयतांच्या नोंदी पाहिल्या तर 'एक इसम, परगावचा', 'एक बाई, नाव माहीत नाही'. आमच्या नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत माझ्या सासरच्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं आहेत, असं मी एकदा बोलून गेले. सिस्टर पुढे सरसावल्या, "आमच्यातलं कुणी आलं असंल का हो तिकडं?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाल्या, "न्हाई. पोटाला नव्हतं, तीर्थाला कुठून येतील."

एकदा त्यांच्या वॉर्डात शहराबाहेरच्या सुलैबिया वस्तीतली एक म्हातारी आली, वाळवंटातल्या बदाऊन टोळीची, हनुवटीवर गोंदलेली. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहून नागरिकत्वाचा कागद नसलेली जी कुटुंबं आहेत, त्यांतली ती. ड्रेसिंग करताना तिने सिस्टरना विचारलं, "इंती बिंत मिनू?" म्हणजे तू कोणाची गं? सिस्टरनी वडिलांचं नाव सांगितलं. म्हातारी म्हणाली, त्याच्या आधी? आणि मग तिने बोटांच्या पेरांवर आपल्या बापाचं, त्याच्या बापाचं, त्याच्याही बापाचं नाव घ्यायला सुरुवात केली, ती ड्रेसिंग संपलं तरी थांबेना. त्या दिवशी सिस्टर थेट आमच्या स्वयंपाकघरात आल्या. "तिच्याकडं कागद न्हाई वहिनी, आणि माझ्याकडं माणसं न्हाईत," म्हणाल्या, आणि पोळ्या लाटायला माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

गोळा केलेल्या सगळ्या झेरॉक्स त्यांच्या पलंगावर पसरलेल्या असायच्या. स्वतः सिस्टर खाली, सतरंजीवर. "सिस्टर, तुमचे कागद गादीवर आणि तुम्ही फरशीवर," मी चेष्टा करायचे. त्या म्हणायच्या, "सवयच न्हाई. आमच्या घरात कुणालाच न्हाई. आजी तर कधी बाजेवर निजली नाही. आजारी पडली तेव्हा दवाखान्यात ठेवली, तर खाटेवरनं खाली उतरून बसायची. दादांनी जन्मभर मिशनच्या दवाखान्याला खाटा करून दिल्या आणि स्वतः घोंगडीवर निजले." असं का, म्हटलं, तर सिस्टरचं उत्तर ठरलेलं, "गरिबी. अनाथ पोरांना खाटा कोण देतंय? तीच सवय पुढं आली." मलाही ते पटलं होतं. दुसरं काही असेल असं कुणाच्या डोक्यात येणार?

मग दोन हजार सालच्या आसपास एका दुपारी सिस्टर युनिफॉर्ममध्येच आमच्या दारात उभ्या राहिल्या. डोळे रडून लाल. मला वाटलं, दादा गेले. मी त्यांना धरून बसवलं, पाणी दिलं. मग सांगू लागल्या. वॉर्डात दत्तू नावाचा एक वेल्डर आला होता. सुलैबियाच्या वर्कशॉपमध्ये पायावर लोखंड पडून हाड मोडलेला. सकाळच्या राउंडला पाहतात तर हा गडी प्लॅस्टरचा पाय घेऊन पलंगाशेजारी फरशीवर. पडला वाटून सगळे धावले. पडला नाही, आपणच उतरलाय म्हटल्यावर सिस्टर हिंदीतून त्याच्यावर तुटून पडल्या. तो बिचारा हात जोडून मराठीत म्हणाला, "सिस्टर, रागावू नका. आमच्या गावात बाजंवर कुनी निजत न्हाई."

"का?" सिस्टरनी विचारलं.

"देवीची बाज हाय देवळात. ती निजती बाजंवर, मंग मानसानं कसं निजावं? शेजारच्या गावात निजत्यात. आमच्यात न्हाई."

आणि सिस्टरनी जन्मभर सगळ्यांना विचारलेला प्रश्न त्याला विचारला. कवडझरी, तो म्हणाला, बीडकडच्या डोंगरात. तलावाचं नाव घेतल्यावर तर तोच सांगायला लागला, की दुष्काळात सगळं गाव त्या तळ्यावर गेलं होतं आणि निम्मं माघारी आलंच नाही, असं म्हाताऱ्या सांगायच्या.

"गरिबी नव्हती हो ती वहिनी," सिस्टर माझा हात दाबत म्हणाल्या. "आजी गाव पाळत होती." मग दोघी मिळून रडलो. संध्याकाळी नवरा घरी आला तर चूल थंड आणि आम्ही दोघी डोळे पुसतोय. सगळं ऐकून तो आपला इंजिनिअरच. "अशी खाली झोपणारी आणखीही गावं असतील, सिस्टर." सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "असतील, भाऊ. दादांना एक मामा पुरे आहे."

त्याच उन्हाळ्यात त्या दादांना घेऊन कवडझरीला गेल्या. दत्तूने घरी आधी कळवलं होतं, त्यामुळे पारावर माणसं जमली होती. घर काही सापडलं नाही. नाव नाही, आडनाव नाही, कुठलं घर म्हणून दाखवणार? एकाने हळूच विचारलं, पोरगी कोणाच्यातली होती म्हणायची? तेव्हा दत्तूची आजी काठी आपटून म्हणाली, "सा वर्साच्या पोरीची जात इचारतूस व्हय रं?" मग सिस्टरकडे वळून, "तुमी आता किरिस्ताव का?" सिस्टर हो म्हणाल्या. "असू द्या. गेली तवा आमचीच हुती की."

दादा देवळात गेले आणि सुताराच्या सवयीने पहिल्यांदा देवीच्या बाजेचे पाय चाचपू लागले. एक पाय हलत होता. त्यांनी वासला मागवला, अधू डोळ्यांनी, बोटांनी अंदाज घेत पाचर तासली आणि ठोकून दिली. "मामाकडं आलो, कामाला हात लावल्याशिवाय जेवू कसा?" म्हणाले. जेवण झाल्यावर गावाने त्यांना टॉवेल, टोपी, नारळ दिला. दत्तूच्या आजीने सिस्टरची खणानारळाने ओटी भरली. "मी आजन्म अशी, माझी कशाला ओटी," त्या म्हणाल्या, तर म्हातारी म्हणाली, "तुजी न्हाई गं. तुज्या आजीची ऱ्हायलेली." सिस्टरनी परत आल्यावर तो हिरवा खण मला दाखवला. दादा दुपारी दत्तूच्या ओसरीवर सतरंजी टाकून गाढ झोपले होते, त्यांना उठवायचं सगळ्यांच्या जिवावर आलं, हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल! गावामागे ओढा होता का, हे विचारायचं मात्र आम्ही दोघीही विसरलो.

त्यानंतर फोनवर दादांचा प्रश्न बदलला. "मामाकडं पाऊस झाला का?" ते विचारायचे, आणि सिस्टर दत्तूला विचारून सांगायच्या.

पुढच्या वर्षी दादांनी अंथरूण धरलं. सिस्टरनी अकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रद्द करून घेतला आणि कायमच्या निघाल्या. खाली टॅक्सी थांबलेली, बिल्डिंगचा हारिस, म्हणजे वॉचमन, बॅगा उतरवतोय, आणि ह्या जिन्यात माझ्या मुलीला विचारतायत, "सांग बघू, मूळ गाव?" कार्टीने अगदी मराठीत, ठसक्यात सांगितलं, "फरवानिया!" "बरोबर," म्हणून सिस्टरनी तिचा मुका घेतला, आणि माझ्याकडे न बघता भराभर खाली उतरल्या. बघितलं असतं तर दोघींचं अवघड झालं असतं.

दोन-तीन महिन्यांनी त्यांचा फोन आला. दादा गेले होते. शेवटचे दिवस तिथल्या दवाखान्यात होते. पलंगावर त्यांची तगमग चालली होती, सारखा खाली हात सोडत होते. तेव्हा जन्मभर पेशंटना दरडावून पलंगावर चढवणाऱ्या ह्या बाईने धाकट्या भावाच्या मदतीने त्यांना उचललं आणि खाली सतरंजीवर निजवलं. दादा शांत झाले. तेवढ्यात वॉर्डातली तरणी सिस्टर धावत आली आणि डाफरली, "पेशंट खाली का घेतला? तुम्हीच केलंत ना हे?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

फोनवर त्यांचा तो वॉर्डातला, खणखणीत आवाज आला.

"म्हटलं, बाई, आमच्या गावात बाजेवर निजत नाहीत."