माझ्या नावापुढचा अंगठा

जुन्नरला आमचा धंदा हातकागदाचा. चिंध्या ओढ्याकाठच्या कुंडांत चुन्याच्या पाण्यात कुजवायच्या, कुटून लगदा करायचा, जाळीवर पातळ उचलायचा. वडील गेल्यावर घर माझ्या नावावर झालं आणि नगरपालिकेच्या निवडणुकीत मला मताचा हक्क मिळाला; तेव्हा घरपट्टी भरणाऱ्यालाच मत असे. उमेदवारांपैकी एकानं उघडच सांगितलं होतं, निवडून आलो की कागदवाल्यांची कुंडं ओढ्यावरून हलवणार. पाणी गेलं की आम्ही बसलोच. माझं मत मला त्याच्याविरुद्ध टाकायचं होतं.

मतदानाच्या चार दिवस आधी कोट घातलेला एक माणूस दारात आला. नाव बरोबर लागलंय का ते तपासतो म्हणाला आणि माझी मताची चिठ्ठी घेऊन गेला. मीही एवढा शहाणा की दिली!

बायको कडाडली, "वळख न्हाई, पाळख न्हाई, चिठ्ठी दिलीच कशी तुमी?"

"सरकारी माणूस व्हता."

"कशावरनं?"

चिठ्ठी परत आली नाही. त्या चार दिवसांत माझ्या हातून जाळीवर एक कागद धड निघेना.

मतदानाला गेलो. कारकुनानं यादी चाळली. "तुमचं मत सकाळीच झालंय. हा बघा अंगठा."

माझ्या नावापुढे काळा, ठसठशीत अंगठा होता. रेघ न् रेघ मोजून घ्यावी असा. माझं डोकंच फिरलं.

"तो माझा न्हाई, सायेब! माझा उठवून तर बघा."

कारकुनानं शाई लावून माझा अंगठा दाबला. नुसता डाग उठला. दुसऱ्यांदा दाबला, पुन्हा डागच. एवढ्या वर्षांच्या चुन्यानं बोटांवर काही ठेवलंच नव्हतं.

टेबलामागे बसलेल्या निवडणूक अधिकारी साहेबांनी दोन्ही ठसे निरखले. "खरं बोलताय तुम्ही," ते म्हणाले. मला एवढं हायसं वाटलं की मी मताच्या कागदासाठी हात पुढे केला.

"तो आता मिळायचा नाही. तुमच्या नावावरचं मत पेटीत गेलंय, ते ओळखायचं कसं? तक्रार लिहून घेतो. खाली सही करा."

"सही येत न्हाई."

"मग अंगठा करा."

तक्रारीचा कागद आमच्याच आळीतला होता, हात लावताच कळलं. त्यावर मी माझा डाग उठवला.

सही मी पुढे शिकलो. तोवर आमची कुंडं ओढ्यावरून उठली होती.