पायाळूचा पाय

पोशेऱ्याची सपना पायाळू. जन्माला येताना पाय आधी बाहेर काढून आलेली. म्हणून गावात कुणाच्या पाठीत उसण भरली की तो थेट तिच्या दारात. त्याने पालथं पडायचं, तिने उजवा पाय तीनदा लावायचा, की उसण पळाली! पाचवीत असल्यापासून म्हाताऱ्याकोताऱ्यांना लाथ लावायचा मान या पोरीला होता.

याच पायांवर तिला पोलीस व्हायचं होतं. आठशे मीटर धावायचे. पुढच्या वर्षी वय उलटणार, तेव्हा ही भरती शेवटची. सकाळी उठल्यावर टाच आखडायची, चार पावलं लंगडलं की मोकळी व्हायची. एवढ्याशाला कोण विचारतं? भाताच्या आवणीत, लावणीच्या कामात, महिनाभर धावणं बंद पडलं. ते भरून काढायला तिने एकदम दुप्पट पल्ला धरला, तोही घाटाच्या चढावर.

एका सकाळी त्याच चढावर मागून टाचेवर सणसणीत लाथ बसली. "कोण रं त्यो?" ती कळवळून वळली. मागे चिटपाखरू नव्हतं.

पाऊल टाकता येत होतं, तिथेच सगळे फसले. "लचकला पाय," आई रखमी म्हणाली. पायाळूचा पाय स्वतःला लागत नाही, म्हणून तिने शेजारच्या पाड्यावरची धोंडीबाई आणली, तीही पायाळूच. तीन आठवडे धोंडीबाई टाचेवर पाय फिरवत होती, आई तेल चोळत होती. "उतरंल बाय, उतरंल." सपना चवड्यावर उभी राहू बघायची. टाच काही उचलायची नाही.

भरतीला नऊ दिवस उरले तेव्हा ती आईला घेऊन जव्हारला गेली. डॉक्टरीणबाईंनी तिला पालथं निजवून पोटऱ्या दाबल्या. डावं पाऊल हललं. उजवं तसंच लोंबत राहिलं.

"टाचेची घोडशीर तुटलीय, पार. आधी दुखत होती तेव्हाच ती झिजत होती. त्यात चोळून वेळ घालवलात, आता टोकं लांब सरकलीत. ऑपरेशन लागेल. वर्षभर पळायचं नाव काढू नकोस."

"नुसतं आठशे मीटर, बाई. बाकी काय नको."

बाईंनी मान हलवली. रखमी आपल्या तेलकट हातांकडे बघत रडू लागली.

घरी आल्या तर ओट्यावर सावळाकाका पालथा पडलेला. दुपारपासून वाट बघत होता.

"लाव पाय, सपने. उठाया येत नाय."

"काका, ह्या पायात काय नाय आता."

"तुझाच लागतो गं."

सपनाच्या मनात आलं, हाकलून द्यावा. पण तिने भिंत धरली, मांडी उचलली आणि ते मेलेलं पाऊल त्याच्या पाठीवरून तीनदा ओढलं.

काका उठला, कंबर ताठ केली. "बघ, उतरली!" म्हणाला आणि भराभरा चालू लागला. सपना त्याच्या टाचांकडे बघत राहिली. एक उचलत होती, मग दुसरी. तो वळणाआड गेला तेव्हा तिने हंबरडा फोडला.