सुईबाबूंची पेटी

सुईबाबूंनी आयुष्यात एकही निर्णय घेतला नाही, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "मी कोन सांगनारा? पेटी सांगते," हे त्यांचे वाक्य मध्य प्रदेशातल्या बैहरच्या बाजारात लोक नक्कल करून म्हणत.

ते हिवतापाच्या दवाखान्यात कारकून होते. पत्र्याच्या पेटीत माणशी एक जाड कार्ड असे. कार्डाच्या कडेला भोकांची रांग. प्रत्येक भोक म्हणजे एक प्रश्न. उत्तर 'हो' आले की बाबू त्या भोकापासून कडेपर्यंत खाच कापत. मग गठ्ठ्यातून लोकर विणायची सुई घालून तो वर उचलत. खाचेची कार्डे खाली पडत. गावोगाव फिरतो, जंगलात मुक्काम करतो, राज्याबाहेर जातो, या तिन्ही भोकांना ज्याचे कार्ड पडे, त्याला दर सोमवारी गोळ्या मिळत. सुईला बाबू खोबरेल लावून ठेवत. ताप पाहायला मात्र त्यांनी कोणाच्या कपाळाला कधी हात लावला नाही. "यंत्राला मन नसते, म्हणून ते चुकत नाही," असे ते म्हणत. मी तेव्हा एका साप्ताहिकाचा वार्ताहर होतो. हे वाक्य मी चौकटीत छापले.

पासष्टची लढाई लागली. हेर उतरल्याच्या अफवा आल्या आणि ठाण्याने संशयितांची नावे मागितली. बाबूंना नवी खाच कापावी लागली नाही. त्याच तीन भोकांतून त्यांनी तीच सुई घातली. "तापाले चालते, लढाईले बी चालते. पेटीले काय फरक?" महाराष्ट्रातल्या तुमसरहून माल आणून आठवडी बाजारांत चुड्या विकणारा गणपत खाली पडला. कार्ड ठाण्यात गेले, पाठोपाठ गणपत.

सोमवारी त्याची बायको सीताबाई दवाखान्यात आली. मी तिथे होतो.

"बाबूजी, आमच्या मालकाले कोठडीत हिव भरून राह्यलं. आज गोळ्या काहून नाही धाडल्या?"

बाबूंनी पेटी चाळली. "त्याचं कार्ड नाही."

"कार्ड तं तुम्हीच ठाण्यात देलं जी!"

"हौ. म्हनून पेटीत नाही. कार्ड नाही, तं गोळी नाही."

"चार घरं सोडून राह्यता तुम्ही. तुमच्या बाईच्या हातात त्याच्याच चुड्या हायेत. ओळखत नाही का त्याले?"

"ओळखतो न, बाई. पन मी कोन सांगनारा?"

आक्षेपार्ह काही आढळले नाही, म्हणून गणपतला सोडले. बैलबंडीत घालून घरी आणला. तिसऱ्या दिवशी तो तापातच गेला. कार्डही ठाण्यातून परत आले होते. पुढच्या सोमवारी त्याच्या गोळ्या वेळेवर घरी पोचल्या. त्यानंतरच्या सोमवारीही.

बाबू निवृत्त झाले तेव्हा शाल-नारळाचा कार्यक्रम झाला. "माझ्या हातून कोणाचे वाईट झाले नाही," असे ते भाषणात म्हणाले. सीताबाई उठली आणि ओटीतल्या गोळ्यांच्या पुड्या तिने टेबलावर ओतल्या. एकही फोडलेली नव्हती.

"आता तरी त्याचं कार्ड काढा जी."

बाबूंनी शाल सावरली. "कसं काढू? मानूस मेला, याचं भोकच नाही पेटीत."

कार्यक्रमाची बातमी मी दिली. हे वाक्य त्यात नव्हते.