सुधाचे तेहेतीस दिवस

शाळेच्या मधल्या सुट्टीत फोन वाजला आणि त्यावर सुधाचं नाव दिसलं. अंबाजोगाईच्या दवाखान्यातून रोज याच वेळेला त्याचा फोन यायचा आणि मी हॅलोसुद्धा न म्हणता दिवसाचा आकडा सांगायचो. त्या दिवशीही डब्यातला घास गालात धरून मी म्हणालो, "एकोणिसावा. चालू हाय." पलीकडून माझ्या सासऱ्यांचा आवाज आला, "मास्तर... सुधा गेला." म्हाताऱ्या बापानं मुलाच्या मरणाची बातमी द्यायला फोन केला आणि जावयानं त्यांना आधी एका कॉम्प्युटरची खुशाली कळवली. ती खुशालीही खोटी होती... पण ते पुढं सांगतो.

सुधाकर म्हणजे माझ्या बायकोचा, मंदाचा, धाकटा भाऊ. पुण्यात एका कंपनीत मोठमोठे कॉम्प्युटर सांभाळायचा. दोन वर्षांपूर्वी पोटाचं दुखणं घेऊन धारूरला परत आला, तेव्हा सामानात कंपनीनं टाकून दिलेलं एक करड्या रंगाचं मशीनही होतं. ते मधूनच अडकायचं. बंद पडायचं नाही. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पण पडद्यावरचं घड्याळ जिथल्या तिथं. कितीही बटणं बडवा, हूं की चूं नाही. कधी चार दिवसांनी अडकायचं, कधी आठ. अकरा दिवसांच्या वर मात्र कधी चाललं नव्हतं. कंपनीत अशी बरीच मशीनं अडकत होती. साहेब लोकांनी दुसरी आणली आणि विषय मिटवला. सुधाचा मिटला नाही. "दाजी, त्यांनी मशीन बदललं. पर ते कावून अडकत होतं, हे कुणालाच कळलं न्हाई." हे 'कावून' त्याला जाण्याआधी हवं होतं. दुसरं काही त्यानं मागितल्याचं मला आठवत नाही.

माझं कॉम्प्युटरचं ज्ञान माऊस कुठल्या हातात धरायचा एवढ्यावर संपतं. म्हणून त्यानं मला माझ्याच शाळेत नेऊन बसवलं. "तुमच्या शाळेत आठ मास्तर हायत. तसे ह्या प्रोसेसरच्या पोटात बी आठ हायत. कुणी कवा कोणता तास घ्यायचा, ते वेळापत्रक ठरवणारा हेडमास्तर म्हंजी कर्नल नावाचा प्रोग्राम. आता सांगा, मास्तरला तास नसला की तो काय करतो?"

"डुलकी घेतो," मी अनुभवानं सांगितलं.

"हे बी घेतात. वीज वाचावी म्हणून प्रोसेसरला तशी सोयच दिलीय... हलकी डुलकी, गाढ झोप. घंटा झाली की उठायचं. पर समजा एक जण लई गाढ झोपला, घंटा ऐकूच आली न्हाई, आन कपाटाची किल्ली त्याच्याच खिशात. मग?"

मग काय, बाकीचे सात कपाटापुढं उभे. शाळा भरलेली आणि एकही तास चालू नाही. पण हाही नुसता संशय होता. दोष झोपेचा असेल, वेळापत्रकाचा असेल, घंटेचाही असेल. अडकलेलं मशीन स्वतःच्या डिस्कवर काही लिहू शकत नाही, म्हणून सुधानं त्याला वायर लावून जुना लॅपटॉप जोडला होता. मशीनचं शेवटचं बोलणं तिकडं उमटायचं. तीन नंबर बावीस सेकंद अडकलाय, असं काहीतरी. मी म्हणालो, "मग धर की बे त्या तीन नंबरला." तो हसला. "दाजी, वरडणारा बिचारा वाट बघून वरडत असतो. ज्यानं अडकवलं तो गप असतो."

त्याची रीत ठरलेली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि थांबायचं. अकराच्या तिप्पट, म्हणजे तेहेतीस दिवस मशीन न अडकता चाललं, तरच कारण सापडलं म्हणायचं. त्याच्याकडं महिने किती उरले होते हे घरात सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही. तरी दोन गोष्टी एकदम बदलून पाहिल्या नाहीत पठ्ठ्यानं.

गाढ झोपेची सोय बंद करून लावलेली परीक्षा एकविसाव्या दिवसापर्यंत पोचली होती. मी डबा द्यायला गेलो तर सुधा औषधाच्या गुंगीत. निघताना माझा हात आपोआप भिंतीकडं गेला. वीस वर्षं शाळा सुटली की वर्गावर्गातली बटणं बंद करत फिरलेला माणूस मी. मशीनचं तर केलंच, इनव्हर्टरचंही सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं वही काढली. वहीत रकाने होते... काय बदललं, किती दिवस चाललं, थांबण्याचं कारण. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत प्रश्नचिन्हं. त्याखाली त्यानं लिहिलं, 'दाजी'. अख्ख्या वहीत कारण पक्कं सापडलेली तेवढी एकच नोंद.

परीक्षा पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू केली आणि आठवड्याभरात त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. मंदा त्याच्यापाशी राहिली. मशीनची राखण माझ्याकडं आली: रोज सकाळी जायचं, पडद्यावरचं घड्याळ पुढं सरकतंय का बघायचं, कशालाही हात लावायचा नाही. दवाखान्यातही सुधा डॉक्टरांवर वैतागलेला. "तीन औषधं एकदम बदलली, दाजी. आता कशानं काय झालं, कसं कळणार ह्यांला?" बाराव्या दिवशी मात्र त्याचा आवाज फोनवर एकदम मोकळा वाटला. "परत अकरा ओलांडले," म्हणाला.

पंधराव्या दिवशी सकाळी घड्याळ पाच वाजून सतरा मिनिटांवर उभं होतं. मी पोचलो तेव्हा आठ वाजले होते. अर्धा तास तिथंच बसलो, सरकेल या आशेनं. मग मंदाला फोनवर सांगितलं. दुपारी सुधाचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "पंधरावा. चालू हाय." मग सोळावा. सतरावा. अठरावा. झोपेचा दोष नव्हता, एवढंच सिद्ध झालं होतं. खरं कारण जिथं होतं तिथंच राहिलं. कधी वाटतं, मी बटण बंद केलं नसतं तर ती आधीची परीक्षा कदाचित तेहेतीसला पोचली असती, आणि चुकीचं का होईना, एक उत्तर घेऊन तो गेला असता. पुढं काय बदलायचं ते वहीत लिहिलेलं आहे. मला त्यातलं अक्षरही कळत नाही. मशीन आम्ही उचलून माळ्यावर ठेवलं.

सुधाच्या तेराव्यानंतर एका दुपारी मंदा त्याचे शर्ट घड्या घालत होती. मी तिला म्हणालो, मी त्याला फसवलं. खरं सांगितलं असतं तर निदान कळून तरी गेला असता.

"त्याला ठावं होतं," ती म्हणाली. "पंधराव्या दिवशीच. तुमचा फोन ठेवल्याबरोबर मी सांगितलं."

"मग मला रोज फोन कावून करत होता?"

तिनं हातातला शर्ट पुरा घडी करून ठेवला. "तुमाला त्याच्या तब्येतीचं विचारायला जमत नव्हतं. म्हणायचा, मशीनचं काढलं न्हाई तर दाजी फोनवर बोलतील काय?"